चार विषयांची घासाघीस

नाही हो, मी नाही आत जाणार! मला आत जायची बंदी आहे… कोणाची म्हणजे? बायकोची! तुम्ही जरा सरका, मला टेकू द्या, ही छत्री ठेवतो इथं भिंतीशी, आणि हे बघा, आतून माझ्या नावानं हाक आली तर मला गप्प करा, कारण मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, हे आमच्या अख्ख्या बुटवल गावाला माहीत आहे. तुम्ही सगळे ऑस्ट्रेलियाला निघालेले दिसताय. फायली कोऱ्या, बूट कोरे, चेहरेसुद्धा कोरे! बरं आहे, जा. मी जाऊन आलोय. जाऊन, राहून, अर्ज करून, नकार घेऊन, अपील करून, ते हरून परत काठमांडूत येऊन या बाकावर बसलोय. आणि हे सगळं कोणामुळं, विचारा ना… माझ्यामुळं! माझ्या एकट्यामुळं! आणि तुम्हाला सांगतो, तिनं मला काहीही म्हटलं नाही. चार वर्षं झाली. एक शब्द नाही!

आता माझी खोड सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. मी टीकाराम भुसाल. बुटवलला माझं कापडाचं दुकान होतं, आणि आयुष्यात मी सांगितलेल्या भावाला वस्तू घेतलेली नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही! दाताच्या डॉक्टरकडं एक दात काढायला गेलो, तर घासाघीस करून तेवढ्यातच दोन काढून आलो. दुसरा चांगला होता हो… पण सुटत होता तर सोडायचा कशाला? स्वतःच्या लग्नात पुरोहिताला बाजूला घेतलं, म्हटलं, पंडितजी, विधी जरा आटोपते घ्या, निम्म्यावर जमतंय का बघा. तर पदराआडून आवाज आला, “सगळे करायचे.” मी चमकून बघितलं. नवरी! लग्नात नवरी बोलते का कुठं? पण बोलली, आणि सगळे विधी झाले, माझ्या मांडीला मुंग्या येईपर्यंत झाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या बाईला कुठलीच गोष्ट कमी केलेली चालत नाही. पण कळेल तो टीकाराम कसला!

तर ही आमची सिर्जना. बँकेत खिडकीवर सहा वर्षं होती, हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिला सिडनीच्या एका कॉलेजात हिशेबशास्त्राच्या मोठ्या पदवीला प्रवेश मिळाला. दोन वर्षं, सोळा विषय. आणि मी? मी तिच्याबरोबर. माझ्या कागदावर काय लिहिलेलं होतं, माहितीये? आश्रित! बुटवलचा टीकाराम भुसाल, आश्रित! विमानतळावरच्या साहेबानं विचारलं, “तुम्ही काय करणार?” काय सांगणार? मी हिच्याबरोबर आलोय, एवढंच.

मला काम मिळालं धुलाईच्या कारखान्यात, हॉटेलांच्या चादरी घड्या घालायच्या. बोटांना कापड कळतं ना माझ्या, चादर हातात आली की सूत सांगायचो, पण ऐकणार कोण! आणि बाजारात जावं तर काकडीवर किंमत चिकटवलेली. प्रत्येक काकडीवर! बिल करायला माणूस नाही, यंत्र. मी त्या यंत्राला म्हटलं, “शेवटचं बोल.” तर ते म्हणतं, मदतनीस येईपर्यंत थांबा. आली एक मुलगी धावत. तिला म्हटलं, “ताई, तूच शेवटचं बोल.” तिनं काकडी परत नेऊन ठेवली! हात शिवशिवतात हो माणसाचे. घासाघीस करायची नाही म्हणजे करायचं तरी काय दिवसभर?

आणि अशा उपाशी माणसाच्या पुढ्यात एके दिवशी ताट आलं.

सिर्जनाचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. प्रवेशाच्या कचेरीत ग्लेनिस नावाची बाई होती, पिकलेले केस, गळ्यात चष्मा, स्वभावानं अगदी गरीब. कागद बघता बघता ती सहज म्हणाली, “तुमचं आधीचं शिक्षण दिसतंय. एखादा विषय सोडता येईल तुम्हाला.” एखादा! तुम्हाला सांगतो, माझ्या कानाला तो एखादा असा गोड लागला… अहो, हा तर भाव होता! पहिला भाव! या देशात मला कोणीतरी पहिल्यांदा भाव सांगत होतं! मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, सहा.

सिर्जनानं माझी बाही ओढली. म्हणाली, “अहो, नको. मला सगळे शिकायचेत.”

तिनं ना, बुटवलहून सोळा वह्या आणल्या होत्या. सोळा विषयांच्या सोळा. खाकी कागदाची कव्हरं घालून, वर विषयाचं नाव लिहून. मी म्हटलं, “तू गप्प बस. बाजारातलं तुला काय कळतं?”

हे मी म्हटलं. या तोंडानं म्हटलं.

मग काय, रंगलो मी! आधी चेहरा पाडला. मग माल बघितला आणि खोट काढायला लागलो. “संख्याशास्त्र? बाई, हिनं बँकेत सहा वर्षं आकडेच मोजलेत. अर्थशास्त्र? घर चालवलंय हिनं माझ्या दुकानाच्या उत्पन्नात, याहून मोठं अर्थशास्त्र कुठलं? आणि हे काय, व्यवसायातला संवाद? खिडकीवर बसून हिनं बुटवलच्या गिऱ्हाइकांशी संवाद केलाय, तुमच्या मास्तरांना पाठवा एक दिवस!” ग्लेनिस म्हणाली, “दोन.” मी म्हटलं, “पाच.” ती म्हणाली, “मला नियम बघावे लागतील.” मग मी ठेवणीतला डाव टाकला. उठलो. सिर्जनाचा हात धरला आणि दाराकडं चालू लागलो. मागं वळून बघायचं नाही, हा त्यातला जीव आहे! बरोब्बर उंबऱ्यावर हाक आली, “मिस्टर भुसाल!” आहे ना? बोलावतातच! वळलो… तर ग्लेनिस माझी छत्री हातात घेऊन उभी. राहिली होती खुर्चीला. पण आलो ना परत! बसलो ना परत! गुणपत्रिकांवर शिक्के वगैरे बघून चारावर सौदा जमला. चार विषय माफ, अख्खं एक सत्र माफ, दोन वर्षांचं काम दीड वर्षात! सिर्जनानं सही केली. काही म्हटलं नाही. मला वाटलं, खूश झाली.

त्या शनिवारी मी मोमो केले. सिडनीत आम्ही राहायचो त्या रॉकडेलमधली आमची सगळी माणसं बोलावली, वीस-पंचवीस जण, बुटवलला फोन लावला, सासऱ्यांना सांगितलं, शेजारच्या दुकानदाराला सांगितलं, “कॉलेजशी घासाघीस केली! ऑस्ट्रेलियाच्या कॉलेजशी!” लोक दादा-दाइ करत म्हणतायत, “दाइ, तुमच्यासारखे तुम्हीच!” मी आश्रित नव्हतो हो त्या संध्याकाळी. कोणीतरी होतो. आणि त्यात तो डंबर, वरच्या मजल्यावर राहणारा, आमच्याकडच्याच पाल्पाचा, बारीक आवाजाचा, मोमो चटणीत बुडवत म्हणतो, “दाइ, पुढं नोकरीचा व्हिसा मागताना ब्याण्णव आठवड्यांचा अभ्यास दाखवावा लागतो म्हणे. सोडलेले विषय त्यात धरत नाहीत. विचारून घ्या बरं का.” मी काय म्हटलं असेल? म्हटलं, “डंबर, तुला स्वतःला अर्धासुद्धा सोडवता आला नाही, म्हणून पोटात दुखतंय होय!” सगळे खो खो हसले. सिर्जना मोमोला चुण्या घालत बसली होती. ती हसली नाही. तिनं मला काहीही म्हटलं नाही.

पुढं दीड वर्षानं पास झाली, उत्तम पास झाली. सिडनीतच पॅरामॅटाला एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत तिला जागा कबूल झाली. खिडकीजवळचं टेबल! ते टेबल ती मला रस्त्यावरून दाखवायला घेऊन गेली, बोट दाखवून म्हणाली, “ते बघा, कुंडीच्या डावीकडचं.” फक्त व्हिसा यायचा होता. टाकला अर्ज. सात महिन्यांनी उत्तर आलं.

एकशेचार आठवड्यांचा अभ्यासक्रम. त्यातून माझे सव्वीस वजा. राहिले अठ्ठ्याहत्तर. हवेत ब्याण्णव. चौदा आठवडे कमी, म्हणून नामंजूर. आणि आता ऐका, हे मी रात्रंदिवस मोजलंय, ग्लेनिसनं पहिल्यांदा सांगितलेला तो एखादा विषय घेऊन गुमान घरी आलो असतो ना, तरी ब्याण्णवच्या वर राहिलो असतो! आरामात! पहिल्या भावाला मी आयुष्यात एकदा जरी हो म्हटलं असतं…

तिनं फोनवरच पत्र वाचलं. फोन टेबलावर पालथा ठेवला. मी भिंतीला पाठ लावून उभा, म्हटलं आता सुरू होईल, होऊ दे, लाटणं घे, मार, माझ्या बापाचा उद्धार कर! ती म्हणाली, “चहा घेणार?”

तुम्हाला सांगतो, त्या चहानं मला जेवढं भाजलं तेवढं कशानं भाजलं नाही. अहो, शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो! एकदाचा हिशेब मिटतो! मी किती प्रयत्न केले तिनं ओरडावं म्हणून. ओले मोजे पलंगावर टाकले. तिच्या आईनं पाठवलेल्या लोणच्याची बरणी मुद्दाम… बरं, अर्धी मुद्दाम फोडली. तिनं काचा उचलल्या, मला म्हणाली, “पाय सांभाळा.” पाय सांभाळा! मी न्हाणीघरात जाऊन रडलो. आणि नंतर लक्षात आलं, चार विषयांतला एक कुठला होता? व्यवसायातला संवाद! तोच मी काढून टाकला होता. मग ही बोलणार कशी?

त्या सोळा वह्या कपाटात एकावर एक होत्या. बारा फुगलेल्या, कडा मळलेल्या. खालच्या चार सपाट. कपाट उघडलं की मी वरच बघायचो.

मग अपील. वकील होता ग्रीक, म्हातारा, भला माणूस, सगळं ऐकून म्हणाला, “अपील करता येईल, पण आशा ठेवू नका. ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव.” मी विचारलं, “पंच्याऐंशीवर नाही का जमणार?” त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. म्हणाला, “मिस्टर भुसाल, हे विषय सोडवायची कल्पना कोणाची?” सिर्जना म्हणाली, “आम्ही दोघांनी ठरवलं.” ऐकताय ना? दोघांनी!

दीड वर्ष तारखेची वाट. पॅरामॅटाच्या कचेरीनं तीन महिने टेबल राखलं आणि मग दुसऱ्या कोणाला दिलं. सिर्जना एका बेकरीत पाव भरायला लागली. पदवीधर हिशेबनीस, पाव मोजतेय! आणि मी इकडं चौदा आठवडे गोळा करत होतो. कारखान्यातून आलो की कागद घेऊन बसायचो. सिर्जना बसमध्ये पुस्तक वाचायची, रोज चाळीस मिनिटं: धरले तीन आठवडे. सुट्टीत वाचनालयात जायची: चार. झोपेत ताळेबंद पुटपुटायची, ते मी स्वतः ऐकलंय, साक्षीदार आहे: दोन. असे करत करत तेरा जमवले. तेरा! एक कमी पडत होता. म्हटलं, एवढा तर सोडतीलच!

सुनावणीला मी कोट घातला. समोर निवाडा करणारी बाई, मऊ आवाजाची, टेबलावर पाण्याचा पेला. आमचा दुभाषा दार्जिलिंगचा, टापटीप माणूस. मी माझा कागद काढला, सगळे तेरा आठवडे वाचून दाखवले. बाईंनी शांतपणे ऐकलं, म्हणाल्या, “झोपेतला अभ्यास मला धरता येणार नाही.” मग मी उभाच राहिलो. म्हटलं, बाईसाहेब, चूक माझी आहे. ही नको म्हणत होती, मी हिला गप्प बसवलं. मला हाकला, आजच्या विमानानं हाकला, हिला ठेवा. आणि तोंडाला लागलेली सवय बघा, पुढं म्हणून गेलो, “तुमचे ब्याण्णव, आमचे अठ्ठ्याहत्तर, चला, पंच्याऐंशी करा, तुमचंही राहील, आमचंही राहील!” दुभाषा म्हणतो, “काका, हे मी सांगू शकत नाही.” मी म्हटलं, “सांग रे बाबा, पाया पडतो.” बाईंनी विचारलं, काय म्हणतायत? तो म्हणाला, “ते म्हणतात, त्यांना फार वाईट वाटतंय.” खोटं नव्हतं म्हणा.

आणि तेवढ्यात बाईंनी कॉलेजची फाईल उघडली. एक कागद वर काढला. सिर्जनाला विचारलं, “विषय सोडल्यानंतर दहा दिवसांनी तुम्ही कॉलेजला पत्र लिहिलं होतं, चारही विषय परत द्या म्हणून. त्यांनी कळवलं, शुक्रवारपर्यंत येऊन अर्ज भरा. तुम्ही गेला नाहीत. का?”

पत्र? कुठलं पत्र? मी सिर्जनाकडं बघतोय. दहा दिवसांनी म्हणजे मोमोनंतर! म्हणजे डंबरचं तिनं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, पत्रसुद्धा लिहिलं होतं! सगळं वाचत होतं हो… एका शुक्रवारचा प्रश्न होता!

सिर्जना मान खाली घालून आमच्या भाषेत हळूच म्हणाली, “यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मोमो खाऊन झाले होते.”

दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे मला दोनदा ऐकावं लागलं.

माझं नाक खाली होऊ नये म्हणून! पंचवीस माणसांत मिरवलेलं हे नाक! तिनं स्वतःचं खिडकीजवळचं टेबल दिलं त्यासाठी. मी खाली बसलो. मला वाटतं, त्यानंतर मी आजपर्यंत नीट उभा राहिलेलो नाही. बाईंनी ते पत्र परत फायलीत लावलं. मग म्हणाल्या, “मिसेस भुसाल, मला आठवडे मोजायचा अधिकार आहे, माफ करायचा नाही.” आणि चौदा कमी ते चौदा कमीच राहिले.

आवराआवर केली. भांडी डंबरला दिली. तो बिचारा म्हणाला, “दाइ, मी तेव्हा जरा मोठ्यानं सांगायला हवं होतं.” बघा, त्यालाही अपराधी वाटतंय! ज्यानं करायचं त्यानं केलं, आणि वाटायचं सगळ्यांना! विमानात मी तिला म्हटलं, “सिर्जना, एकदा तरी बोल. काहीही बोल.” ती म्हणाली, “पट्टा बांधा.”

आता बुटवलला येऊन आठ महिने झालेत. मला वाटलं होतं, संपलं. तर परवा तिनं फाईल काढली. म्हणाली, अ‍ॅडलेडच्या कॉलेजची बाई काठमांडूत येतेय, पुन्हा अर्ज करणार, पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण दोन वर्षं. मी एक अक्षर बोललो नाही. किती फी, विचारलं नाही, कमी होईल का, विचारलं नाही, रात्रीच्या बसला सांगितलेलं भाडं दिलं, कंडक्टर घाबरून माझ्याकडं बघत राहिला! आणि आज सकाळी जिना चढताना ती थांबली आणि म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा.”

तुम्हाला हसू येतंय. पण माझ्या अंगावर काटा आला हो. तीन शब्द! चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी म्हणाली! ही शिक्षा म्हणायची तर फारच स्वस्त… नाही, नाही, स्वस्त-महाग काही नाही, सांगितली तेवढी घेतली, आणि बसलो. त्या चार कोऱ्या वह्या तिच्या पिशवीत आहेत. मी बघितल्या, सकाळी ठेवताना. कव्हरं नवी घातलीत.

थांबा… थांबा हं, दार उघडलं. काय गं? झालं?… काय म्हणतेस?… मंडळी, ऐका, ही काय म्हणतेय. आतली बाई म्हणतेय, तुमची तर ऑस्ट्रेलियातलीच मोठी पदवी झालेली आहे, निम्मे विषय आपोआप माफ! आठ! कोणी मागितलेले नसताना आठ! ती मोठ्या मनानं देतेय, आणि ही नको म्हणतेय तर बाईला ते खरंच वाटत नाही!… काय? काय म्हणालीस? पुन्हा म्हण.

“मी नको म्हणाले. पण ऐकतच नाही कोणी.”

हे ‘नको’, मंडळी… हे ‘नको’ मी ऐकलेलं आहे. ग्लेनिसच्या कचेरीत, माझी बाही ओढून म्हटलेलं. म्हणजे ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर आज इथं कशाला असतो?

आत येऊ म्हणतेस? मी? नक्की?… येतो. सरका हो जरा. जन्मभर भाव पाडत आलो, आता जातो चढवून मागायला. आठाचे सात, साताचे सहा, एकही माफ नाही असं ती बाई म्हणेपर्यंत उठणार नाही, दारापर्यंत जाणार नाही, काही नाही. ती माझी छत्री तेवढी द्या इकडं. या वेळी मागं काही राहायला नको.